झाकणाची आतली बाजू

धाकटा भाऊ झाकणाच्या आतल्या बाजूला रंधा मारत होता आणि हलक्या आवाजात चर्चमधलं गाणं गुणगुणत होता.

थोरला दारात येऊन थबकला. शवपेट्या करणं हा दोघांचा वडिलोपार्जित धंदा. पेटी बाहेरून तेवढी गुळगुळीत करायची, हा वडिलांचा शिरस्ता. "आतल्याला काय कुसळ टोचणार आहे?" ते म्हणायचे, आणि गिऱ्हाईक वळलं की दोघे भाऊ हसायचे.

आजची पेटी लहान होती. धाकट्याची मुलगी पहाटे गेली होती.

"आतून कोण बघणार आहे?" थोरल्याने विचारलं.

"चिमी. उठेल तेव्हा पहिलं हेच दिसेल तिला."

"पोर तळमळत होती तेव्हाही तू असाच गात बसलास. प्रभू आहे, प्रभू आहे. कुठे होता तुझा प्रभू?"

"तिच्या उशाशी."

"मग हात बांधले होते का त्याचे?"

धाकट्याने झाकणावरच्या ढलप्या झटकल्या. "ते मला कळलेलं नाही, दादा." आणि पुन्हा गुणगुणू लागला.

मुलीची आई तिला चादरीत गुंडाळून घेऊन आली. "भाऊजी, यांना गप्प करा," ती म्हणाली. "हिच्याऐवजी हे जायला हवे होते."

"मीही तेच मागितलं होतं," धाकटा म्हणाला.

"रड की मेल्या," थोरला म्हणाला. "एकदा रड, म्हणजे माणसात धरीन तुला."

"रडतोच आहे." त्याची दाढी ओली होती. रंधा मारलेल्या लाकडावर थेंबांचे डाग पडले होते. "पण आतला आनंद जात नाही, दादा. मघाशी मीही घालवून बघितला. लाज वाटली त्याची. नाही गेला."

आईने मुलीला पेटीत ठेवलं. चादर नीट केली आणि तोंड फिरवलं.

धाकट्याने झाकण लावलं. तो स्क्रू उचलणार, तोच थोरल्याने स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला.

"उठणार म्हणतोस ना? बघतोच कशी उठते."

तो एकेक स्क्रू दात-ओठ खाऊन आवळू लागला. लाकूड करकरलं. आईने कानांवर हात ठेवले, पण थांबा म्हणाली नाही.

"आवळ," धाकटा शांतपणे म्हणाला. "प्रभूच्या कबरेवर तर धोंड होती. तरी उठला तो."

शेवटच्या स्क्रूवर थोरल्याने अंगाचा सगळा भार टाकला. कट्‌कन आवाज झाला. लाकडातले आटे गेले. तो पिळत राहिला, आणि स्क्रू जागच्या जागी नुसता फिरत राहिला.