महिन्याची बाटली

“सातच,” पाणीतपासनीस म्हणाला आणि यंत्राची कांडी फडक्यानं पुसली.

टाकीवाल्यानं ओढ्याकडे पाहिलं. वर डोंगरात खाण होती. दगडांवर तांबूस थर चढला होता, आणि मासा दृष्टीस पडून दोन महिने होऊन गेले होते.

“नीट बघा. खाली चाळीस घरं हे पाणी पितात. निम्म्या घरांत पोटं बिघडलीत. तुम्ही नाही म्हणा, झडप बंदच ठेवतो.”

“माझी पोर पण हेच पिते. चार दिवस अंथरुणाला खिळलीय. मला काय काळजी नाही?”

तो चिडला होता, तरी त्यानं पहिल्यापासून सुरू केलं. प्रयोगशाळेतून आलेल्या बाटलीतलं पाणी झाकणात ओतलं. त्या पाण्याचा आकडा सात, हे तिथूनच ठरून आलेलं. कांडी त्यात बुडवून यंत्र सातवर लावायचं, मग ओढ्यात धरायचं. ओढा आंबट झाला असेल, तर आकडा सातच्या खाली घसरणार. बाटली एका महिन्याची, पण त्याच्या हातात चौथा महिना चालू होता. वरच्या साहेबांनीही या काटकसरीचं कौतुक केलं होतं.

ओढ्यात आकडा जागचा हलला नाही.

“झालं समाधान? काळ्या दगडावरची रेघ आहे ही.” त्यानं नोंदवहीत सही केली. टाकीवाला झडप उघडायला गेला.

तपासनीस घरी आला तेव्हा बायको पोरीच्या उशाशी बसली होती.

“मी पलीकडच्या विहिरीचं आणू का? माझं मन खातंय हो.”

“तासाभराची चढण आहे. आणि मी रोज मोजतो ते काय उगाच?”

तिनं पेला पुढे केला. त्यानं पोरीची मान सावरली आणि स्वतःच्या हातानं तिला पेलाभर पाणी पाजलं. तिनं तोंड वाकडं केलं, पण बापाकडे बघत संपवलं.

कोपऱ्यात त्याचा म्हातारा बाप यंत्राची पिशवी आवरत होता. बसून खाणं त्याला जिवावर येई, म्हणून हे काम त्यानं हट्टानं मागून घेतलं होतं.

“बाबा, बाटली जपा हं. तळाला जायला नको.”

“तळाला कशी जाऊ देईन?” म्हातारा खुशीत हसला. “पहिल्या दिवसापासून बघतोय, तू घोटभर ओततोस. मी रोज पहाटे ओढ्यावर जाऊन काठोकाठ भरून ठेवतो.”