मधला खिळा

यशूच्या मुठीतून गंजलेला खिळा निघाला. इंचभराचा.

करुणानं तो भिरकावला आणि अकरा महिन्यांच्या लेकीच्या तोंडात बोट घालून सगळीकडं फिरवलं. नुसती माती. गालावर माती, हिरड्यांना माती, नव्या दोन दातांच्या फटीत माती. कुकरचा गॅस बारीक करायला ती आत गेली होती, तेवढ्यात यशू रांगत अंगणातल्या अनंताच्या झाडाच्या कुंडीपाशी पोहोचली होती.

"मामा!" तिनं सासऱ्यांना हाक मारली. "कुंडीत खिळे कुठून आले?"

पुंडलिकमामा चष्मा पुसत बाहेर आले. खिळा दिसला तसा पुसणारा हात थांबला.

"म्या खोचले. कवळी पानं पिवळी पडली ना त्याची. झाडाला लोखंड पायजे, तूच म्हनली व्हतीस."

"अहो, मी पुडी आणली होती ना औरंगपुऱ्यातून! पानांवर फवारायची."

"आणली व्हतीस. महिना झाला, फ्रिजवर हाय. तिच्यावरचं बारीक इंग्रजी मला वाचता येत नाय, अन् तुला सवड नाय."

खरंच होतं. लोह मातीत असतंच, बोअरच्या जड पाण्यामुळं झाडाला ते घेता येत नाही, असं दुकानदारानं तिला नीट समजावलं होतं. तेसुद्धा मामांना सांगायचं राहून गेलं होतं. रोज उद्यावर.

"किती खोचले?"

"असतील धा-बारा."

"मामा, दहा की बारा?"

मामांनी डोळे मिटले. चाळीस वर्षं सेंट्रिंगच्या फळ्यांना खिळे ठोकलेली बोटं हवेतच हलली. "चारी अंगानं तीन-तीन. अन् मधी एक. तेरा."

दोघं कुंडीवर वाकली. यशूला कडेवर आवळून करुणा एका हातानं माती उकरत होती. सहा. आठ. अकरा. यशूच्या मुठीतला धरून बारा. वरची सगळी माती तिनं फरशीवर पसरली, बोटांनी चाळली. बाराच.

यशूच्या तोंडातून लाळ गळली. दात येताहेत म्हणून एरवीही गळते. आज करुणाला ती बघवेना. तिनं नवऱ्याला, अभयला, फोन लावला. शिफ्ट सुरू झाली की कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवतात हे माहीत असून लावला. परत लावला.

"मी हिला दवाखान्यात नेते. पोटाचा फोटो काढायला. तुम्ही रिक्षा बघा."

"थांब. एक मिनिट."

"मामा, गिळला असला तर?"

"एक मिनिट म्हनलं ना, बाई!"

अनंत सासूबाईंनी, मुक्ताबाईंनी लावलेला. बायको गेल्यापासून मामांनी त्याची कुंडीसुद्धा बदलू दिली नव्हती. मुळं दुखतील म्हणायचे. आता त्यांनी कोपऱ्यातला वरवंटा उचलला आणि कुंडीवर घातला. तीन घावांत खापऱ्या झाल्या. बुंधा धरून त्यांनी झाड ओढून काढलं, मांडीवर आडवं घेतलं आणि दोन्ही हातांनी मुळांचा गड्डा फाडायला लागले. मुळं तटातट तुटत होती. हिरव्या शिरांची पिवळी पानं धोतरावर गळत होती. ते बघत नव्हते.

खिळा अगदी आत होता, मुळांनी वेढलेला.

मामांनी तो सोडवला, सदऱ्याला पुसला आणि सुनेपुढं धरला.

"मधला."

करुणा तिथंच मातीत बसली. यशूच्या मानेत तोंड खुपसून तिनं श्वास घेतला, तो सोडलाच नाही बराच वेळ. यशूला गुदगुल्या झाल्या. ती हसली आणि आजोबांकडं हात पसरले.

"थांब गं माय. हात धुऊन येतो."

ते नळापाशी गेले. पाणी आठव्या दिवशी येतं म्हणून तांदूळ धुतलेलं पाणीही बादलीत धरणारा तो माणूस, नळ पूर्ण सोडून पाठमोरा उभा राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

नळ बंद करा, असं करुणा म्हणाली नाही.