करीच्या दिवशी फवारणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, फवारणीला कोण जातं? त्या दिवशी बैलसुद्धा गोठ्यात लोळतात आणि गावातली माणसं देशीच्या दुकानाकडे चालत जातात. परतताना काही चालत येतात, काही आणली जातात. अशा दिवशी मारोतराव सकाळीच पाठीवर पंप अडकवून कपाशीच्या वावराकडे निघाले, तेव्हा सुरभीच्या मनात पाल चुकचुकली.

"आजच काहून, बाबा?"

"गावात थांबलो तं कोणी ना कोणी हात धरीन, माय," ते म्हणाले. "पऱ्हाटीत कोणी बलावत नाही."

उत्तर चांगलं होतं. फारच चांगलं होतं, म्हणून तिला पटलं नाही. चांगली उत्तरं देण्यात तिचा बाप पहिल्यापासून हुशार.

संक्रांतीला व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्यापासून मारोतरावांनी स्वतःच एक रीत पाडली होती. संध्याकाळी घरी आले की पायरीवर चपला जोडीनं लावून ठेवायच्या, दारात उभं राहायचं आणि लेकीसमोर तोंड उघडून "हा" करायचं. सुरभी हुंगायची आणि म्हणायची, "या आत." मगच ते उंबरा ओलांडत. खरं तर हे काम बायकोचं, पण बेबीताईंनी पहिल्याच दिवशी हात जोडले होते. "माह्या नाकाचा भरोसा नाही पोरी. मले तं उदबत्तीलेबी दारूचाच वास येते."

सात महिन्यांत सुरभीला एकदाही वास आला नव्हता. त्यानं विश्वास वाढावा, तर संशयच लोणच्यासारखा मुरत गेला. आज नाही तर उद्या, ती रोज स्वतःला बजावायची.

दुपारी तीनला फाटक वाजलं. मारोतराव झोकांड्या खात अंगणात आले. पंप त्यांनी कडुनिंबाखाली उतरवला, दोन पावलं टाकली आणि तुळशीच्या ओट्याला धडकले. सदरा घामानं चिंब, डोळ्यांतून पाणी, जीभ जड.

"सु... सुरभे..."

सुरभी दारात आडवी उभी राहिली. आणि खोटं कशाला सांगा, तिला थोडं बरं वाटलं. बघा, मी म्हणतच होते.

"हा करा, बाबा."

मारोतरावांनी गळ्यातला दुपट्टा तोंडावर दाबून धरला आणि मान फिरवली.

संपलं. तोंड झाकणारा माणूस काय झाकतो, हे त्या घरात कोणाला शिकवावं लागत नव्हतं. सुरभीनं दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"सात महिने नाटक करून राह्यले," ती आईला म्हणाली.

नवऱ्यासाठी झाकून ठेवलेली पुरणपोळी बेबीताईंनी उचलली आणि मागच्या फळीवर सारली.

बाहेर ओकल्याचा आवाज आला. मग काहीतरी धपकन पडलं. मग काहीच ऐकू येईना.

सुरभी खिडकीशी गेली ती दोन शब्द सुनवायला. मारोतराव पायरीखाली आडवे झाले होते. पण तिची नजर पायरीवरच अडली. बंद दारासमोर त्यांच्या चपला होत्या. दोन्ही, जोडीनं लावलेल्या. दारूच्या दिवसांत हा माणूस दोन चपला घेऊन कधी घरी आला नव्हता. एक नाल्यात सापडायची, दुसरी सापडायचीच नाही.

तिनं कडी काढली, धावत गेली आणि बापाच्या तोंडाशी नाक नेलं. दारू असती तर तिनं अंगणाच्या टोकावरून ओळखली असती. हा वास पऱ्हाटीवर मारायच्या औषधाचा होता, आणि तो दुपट्ट्यातून, सदऱ्यातून, घामातून येत होता. ओठांच्या कडेला फेस होता.

"आई! औषध भिनलं वो अंगात!"

शेजारच्या देवीलालनं ऑटो काढला. तालुक्याचा दवाखाना येईपर्यंत अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात सुरभीला दारामागं घालवलेली दहा मिनिटं सारखी टोचत राहिली.

खाटेवरच्या मारोतरावांकडे पाहून तरुण डॉक्टरनं उसासा सोडला. सकाळपासून करीचेच पेशंट येत होते. "हा सातवा," तो नर्सला म्हणाला. मग बेबीताईंकडे वळला. "किती घेतलीय? रोजची सवय आहे का?"

बेबीताईंनी खाली पाहिलं. सवय होती, हे खरं होतं. आता नाही, हे सांगायला त्यांची जीभ उचलेना.

"नाही घेतली," सुरभी म्हणाली. "फवारणी करून आले ते."

"आज? करीच्या दिवशी कोण जातं फवारणीला?"

सकाळपासून तिच्या मनात होता तोच प्रश्न, तसाच्या तसा.

"ज्याले प्यायची नसते तो जाते," ती म्हणाली. "माहा बाप जाते. डोळे पाहा ना त्याचे, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरनं बॅटरी पेटवून पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती; अशी ती दारूनं नाही, फवारणीच्या विषानं होते. तो एकदम मोठ्यानं इंजेक्शनचं नाव बोलला आणि नर्स पळाली. कोणीतरी मारोतरावांचा सदरा कात्रीनं कापायला घेतला.

सुरभी उशाशी वाकली. लेक जवळ आल्याचं मारोतरावांना कसं कळलं कोण जाणे. डोळे मिटलेलेच होते, पण ओठ हलले, मोठ्या कष्टानं उघडले.

"हा..."

तिनं हुंगलं नाही.

"या आत," ती म्हणाली. "या ना बाबा, आत या."