आवाज नंतर भरतात

"पोलिसांनी तुम्हाला सोडलं कधी?" नातीने दाराआडूनच विचारलं.

पत्रकार खो खो हसला. आजोबाही हसले, पण खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता. जुन्या सिनेमांतले गाजलेले खलनायक ते. शेवटच्या रिळात एकतर जीव सोडायचे, नाहीतर बेड्या घालून गाडीत बसायचे. कालच नातीने त्यांचा एक सिनेमा टीव्हीवर पाहिला, आणि तेव्हापासून ती त्यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती.

आणि आज नेमका पेपरवाला आला होता. मथळा तो घरूनच ठरवून आला होता : पडद्यावरचा राक्षस, घरातला देवमाणूस. आता फक्त फोटो हवा होता. देवमाणसाच्या मांडीवर नात.

"जा गं बाळा, बस जा आजोबांजवळ," आजी पुन्हा म्हणाली. तिच्या हातात चहाचा ट्रे होता. फोटो झाला की हे खुशीत राहतील, हे खुशीत राहिले की संध्याकाळ धड जाईल. साधी गोष्ट होती. चारचौघांत यांची फजिती झाली, की पाहुणे गेल्यावर, दार लागल्यावर या घरात काय होतं, ते तिलाच ठाऊक. झाकली मूठ तिने जन्मभर झाकलेलीच ठेवली होती.

नात तिला बिलगली आणि कानात कुजबुजली, "आजी, त्या हीरोचा नंबर आहे का गं आपल्याकडे?"

"कशाला?"

"आजोबांनी मारलं तर बोलवायला."

"तो कधीच वारला, बाळा."

"मग आता कोण येणार?"

आजीने ट्रे टेबलावर ठेवला आणि सरळच असलेले कप पुन्हा सरळ केले. या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे असतं, तर तिनेही ते ऐकलं असतं.

"मी नाही बसणार त्यांच्याजवळ," नात आता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ते बाईला मारतात. मी पाहिलंय."

"साहेब, तुमच्या अभिनयाला याहून मोठी पावती नाही!" पत्रकार म्हणाला आणि त्याने ते वाक्य लिहूनही घेतलं.

"अगं वेडाबाई, खोटं असतं ते सगळं," आजोबा म्हणाले. आवाज असा मऊ, की कुणालाही त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटावं. "हात गालाला लागतच नाही मुळी. नुसता जवळून जातो. समोरच्याने वेळ साधून मान फिरवायची, बस्स. आणि तो फाडकन आवाज येतो ना, तो नंतर भरतात. एक माणूस माईकपुढे टाळी वाजवतो."

"खोटं बोलताय."

"थांब, दाखवतोच." त्यांनी मान वळवली. "अगं, इकडे ये जरा."

आजी आली. त्यांच्यासमोर उभी राहिली. आजोबा उठले, कॅमेऱ्यासाठी जरा तिरके झाले, बाही सारखी केली आणि सावकाश हात उचलला.

हात अजून खांद्याच्या वरही गेला नव्हता, आणि आजी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली होती. डोळे मिटलेले, गुडघे पोटाशी, पाठ कपाटाला. घरात पाहुणे आहेत हे तिला माहीत होतं, पण तिच्या अंगाला ते कोण सांगणार?

पत्रकाराने कॅमेरा खाली घेतला. मग नातीने टाळ्या पिटल्या.

"आजी! कसलं भारी! हात यायच्या आधीच!"

"वा, आजी, वा!" पत्रकाराच्याही जिवात जीव आला. "तुम्हीही होतात का सिनेमात?"

"नाही. मी घरातच असते." ती कपाटाला धरून उठत होती.

"म्हणजे साहेबांनीच शिकवलेलं दिसतंय."

"हो," आजी म्हणाली. "त्यांनीच."

सगळ्यांत मोठ्याने आजोबा हसले.

नातीची भीती कुठल्या कुठे पळाली. ती धावत आली, आजोबांसमोर पाय जुळवून उभी राहिली, डोळे घट्ट मिटले आणि गाल पुढे केला. "आता मला! मी पण आजीसारखं करून दाखवते."

"शाब्बास!" आजोबा म्हणाले. पत्रकाराने घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावला. मांडीवरच्या फोटोपेक्षा हे कितीतरी सरस होतं.

आजोबांनी हात उगारला. हलकेच, नाटकातल्यासारखा. तो लागणार नव्हताच. आजीलाही कळत होतं, आज तो लागणार नाही.

तरी तिने तो धरला. मनगटाशी, दोन्ही हातांनी. इतक्या वर्षांत तिने स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं, भिंत धरली होती, न्हाणीघराची कडी आतून धरून ठेवली होती. हा हात कधी धरला नव्हता.

"हिला नाही," ती म्हणाली.

आजोबांचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं. "सोड," ते अगदी हळू म्हणाले. संध्याकाळ कशी जाणार, ते तिला तेवढ्यात कळलं.

"आजोबा, लवकर ना!" नात डोळे मिटून उभीच होती.

"आजी, हात तसाच धरून ठेवा हां," पत्रकार म्हणाला. "फार छान येतंय."

आजीने धरून ठेवला.