अळणी आमटी

निर्मलाबाईंनी आमटीचा भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"अहो, आज आमटीत मीठच नाही."

"रोजच नसतं," अच्युतराव भात कालवत म्हणाले.

बाईंच्या तोंडात टाळूला चिकटवलेली चवपट्टी सकाळीच बंद पडली होती. जुन्या पट्ट्या यापुढे चालणार नाहीत, असं कंपनीने कळवलं होतं. पट्टी असली की उकडलेल्या डाळीलाही हवी ती चव यायची, म्हणून बाईंनी मीठ, मसाला, फोडणी हळूहळू सोडूनच दिली होती. अच्युतरावांनी मात्र पट्टी कधी लावली नाही. आज चव देतील, उद्या अपडेटचे पैसे मागतील, म्हणत ते अडून बसले. त्यांना बायकोच्याच हातची चव हवी होती.

"इतकी वर्षं हे असलं जेवलात? बोलला का नाहीत?"

"तू आवडीने जेवत होतीस."

बाई उठल्या. बरणीतल्या मिठाचा दगड झाला होता. तो फोडून त्यांनी पूर्वीच्याच अंदाजाने दोन्ही वाट्यांत मीठ घातलं आणि चाखून पाहिलं. पट्टीच्या झणझणीत चवीला सोकावलेल्या जिभेला काहीच कळलं नाही.

अच्युतरावांनी घोट घेतला. तो घशाखाली उतरेना, इतका खारट लागला. बाईंचा अंदाज मिठाच्या बाबतीत कधीच चुकत नसे. आमटी पहिल्यासारखीच झाली असणार; अळणी खाऊन खाऊन बदलली होती ती त्यांचीच जीभ.

"तुम्हालाही अळणीच लागतेय ना?"

त्यांनी घोट कसाबसा गिळला आणि वाटी पुढे सरकवली.

"घाल अजून."