पाठ टेकली

आप्पासोंनी नारळ फोडला तो थेट रिंकच्या मधोमध.

पाणी गुळगुळीत फरशीवर पसरलं. कडेला चाकाचे स्केट बांधत बसलेल्या क्रांतीनं नाडी तशीच सोडून मान वर केली. "काका, तेवढं पुसून घ्या की."

"नारळाचं पानी पुसत्यात व्हय?" स्केटिंग संघटनेचे अध्यक्ष असलेले आप्पासो म्हणाले. "शुभ असतंय पोरी. बाजूनं फिर."

क्रांती बापाबरोबर कुंडलहून पहिल्या एसटीनं सांगलीच्या विश्रामबागेत आली होती. फिगर स्केटिंगची निवड चाचणी होती. परदेशातल्या स्पर्धेच्या शिबिराला सातारा-सांगलीतनं एकच मुलगी जाणार, आणि आलेल्या दोघीच. एक क्रांती, दुसरी साताऱ्याची उत्कर्षा, आप्पासोंची भाची. स्पर्धा बर्फावरची. पण विश्रामबागेत बर्फ मिळतो तो रसवंतीत, म्हणून चाचणी चाकावर. "बर्फ काय, तिकडं गेल्यावर मिळंलच," असं आप्पासो भाषणात म्हणाले तेव्हा क्रांतीचा बाप, फौजेतनं रिटायर झालेला हवालदार तानाजी, मोठ्यानं खाकरला. अख्ख्या हॉलमध्ये खरा बर्फ तुडवलेला तो एकटाच होता.

पुण्याचे परीक्षक आलेच नाहीत. नियमात 'अनुभवी पंच' एवढंच लिहिलेलं, आणि अनुभवी पंच मागच्याच गल्लीत राहत होते. उदयसिंह वस्ताद. तीस वर्षं जत्रेतल्या कुस्त्यांचे निकाल दिलेला माणूस. फेटा बांधून, गळ्यात शिट्टी अडकवून हजर झाले.

"दोघींना एकदम सोडायचं न्हाई व्हय?" वस्तादांनी विचारलं.

"न्हाई, एकेक," आप्पासो म्हणाले.

"मग धरायचं कुनाला?"

"धरायचं न्हाई. तुमी फकस्त बघा आनि निकाल द्या."

पहिली उत्कर्षा. पहिल्या उडीला ती गुडघ्यावर आली. गिरकी घेताना कुशीवर. तिसऱ्यांदा हातांवर, चौथ्यांदा बूड आपटून. प्रत्येक वेळी वस्ताद धावत गेले, फरशीला गाल लावून तिच्या पाठीखाली डोकावले आणि उठून 'नाही' म्हणून हात हलवला. क्रांतीला वाटलं, म्हातारा लय मायाळू, पोरीला लागलं का बघतोय.

मग क्रांती. ओलं टाळत टाळत तिनं सगळं व्यवस्थित मांडलं. तीन वर्षं शाळेच्या सिमेंटवर गुडघे सोलून शिकलेली, हवेत दोन गिरक्यांची उडी मारली आणि एका पायावर अलगद उतरली. चहावाल्याचा हातसुद्धा किटलीवरच थांबला. गाणं संपलं. तिनं हात पसरून, वाकून नमस्कार केला.

"फोटोला हिकडं बघ, पोरी!" आप्पासोंनी हाक मारली.

ती वळली. चाक नारळाच्या पाण्यावर गेलं. दोन्ही पाय वर, पाठ खाली.

शिट्टी वाजली. "चितपट!" वस्ताद गरजले. उद्घाटनाला आणलेल्या हलगीवाल्यानं सवयीनं कडकडाट केला आणि मागच्या दोन रांगांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

तानाजी बूट न काढताच रिंकमध्ये शिरला. "आवं वस्ताद, गानं संपलं व्हतं!"

"गानं संपलं. माझी शिट्टी कुठं वाजली व्हती?"

"ती दुसरी चारदा पडली की!"

"पडली. पर पाठ टेकली का? मी सोता खाली वाकून बघितलंय," वस्ताद शांतपणे म्हणाले. "पडनं येगळं आनि हरनं येगळं, हवालदार. तीस वर्षांत माझ्या निकालावर कुनी बोट ठेवलं न्हाई."

आणि ते खरंच होतं. माणूस चहासुद्धा स्वतःच्या पैशाचा पीत होता. क्रांतीला हेच सगळ्यात जास्त झोंबलं. लबाडाशी भांडता तरी आलं असतं.

ती उठून बसली. पाठीला ओल, केसात खोबऱ्याचा तुकडा. "वस्ताद, मला परत सोडा," ती म्हणाली. "पायजे तर दोघींना एकदम सोडा."

वस्तादांच्या डोळ्यांत कौतुक आलं. "पोरीत दम हाय, हवालदार. हिला तालमीत पाठवा माझ्या. पर निकाल दिला तो दिला."

तानाजी आप्पासोंकडं वळला. "अध्यक्ष, तुमी तरी नियमाचं पुस्तक उघडा."

"पुस्तक इंग्रजीत हाय," आप्पासो म्हणाले. "आनि पंचाच्या निकालात अध्यक्षानं पडू नये, ह्यो बी नियमच हाय. तक्रार लेखी द्या. कमिटी बसंल."

"कवा बसंल?"

"टीम परदेशातनं परत आली की लगेच."

तानाजीच्या मुठी आवळल्या. क्रांतीनं त्याची बाही धरली. "चला आबा," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. तिला शेवटपर्यंत बघायचं होतं.

माइकवरनं उत्कर्षाचं नाव पुकारलं. "या या, फिरत या!" आप्पासो हार घेऊन पलीकडच्या टोकाला उभे. "मोबाइलवर घ्या रं, व्हिडिओ घ्या! आंतरराष्ट्रीय खेळाडू हाय!"

उत्कर्षानं सगळ्या रिंककडं एकदा बघितलं. क्रांतीकडं बघितलं नाही. खाली बसली, नाड्या सोडल्या, दोन्ही स्केट काढून एका हातात घेतले आणि अनवाणी, जपून पावलं टाकत चालत गेली.

वस्तादांनी रीतीप्रमाणे तिचा हात धरून उंच केला. स्केटसकट.