हातोडी टेकेल तिथे

"हाण!" मोठा म्हणाला, आणि धाकट्याने घण हाणला.

ट्रकचा जुना कमानपाटा ऐरणीवर लालभडक होऊन पडला होता. त्याचा आजच कोयता करायचा होता. कोयता दाजींसाठी.

दोघा भावांचं काम लहानपणापासून असंच चालायचं. मोठ्याची हातोडी जिथे टेकेल, तिथे धाकट्याचा घण. बघत बसायचं नाही, विचारायचं नाही. हात थबकला की लोखंड निवलंच.

आज तर धाकटा अंगात आल्यासारखा हाणत होता. ठिणग्या दंडावर बसत होत्या, कातडी करपत होती, त्याला भान नव्हतं. ज्या ताईने त्याला कडेवर मिरवलं, चिमण्या-कावळ्यांच्या नावाने घास भरवले, ती डोकं फुटून दवाखान्यात निपचित पडली होती.

"दादा, नक्की दाजीच होता?"

"या डोळ्यांनी पाहिलं. आपल्या या शेडमधला हिस्सा माग म्हणून तिच्या मागे लागला होता. ती नाही म्हणाली, तर डोक्यात पहार घातली. हाण!"

"तू एकदा तिला बघून तरी यायचंस."

"रडायला आई आहे तिथे. आणि लेका, लोखंड तापू दे, तू तापू नकोस. दांडा मोडशील."

तेवढ्यात दार ढकलून दाजीच आत आले. शर्ट रक्ताने कडक झालेला, धाप लागलेली.

"धाकट्या, तिला उचलून मीच नेलं रे..."

"तिचं रक्त अंगावर घेऊन वर तोंड दाखवायला आलास?" धाकट्याने घण उचलला. पाटा धक्क्याने खाली पडला.

दाजी पळाले नाहीत. गुडघे टेकून त्यांनी ऐरणीवर डोकं आडवं ठेवलं.

"मार. पण आधी ऐक. मी तिला हात लावला नाही. पहार ज्याच्या हातात होती, तो..."

टक्. मोठ्याची हातोडी दाजींच्या कानशिलावर टेकली.

घण पडला. रोज ऐरण खणखणायची. आज ती वाजली नाही.

दाजींचे पाय थोडा वेळ जमीन उकरत राहिले, मग थांबले. धाकट्याच्या खिशात फोन वाजायला लागला. ओल्या, चिकट बोटांनी त्याने तो कानाला लावला. पलीकडे आई हसत होती की रडत होती, कळत नव्हतं.

"बाळा, ताई शुद्धीवर आली रे! पण पोर घाबरलीय. सारखं एकच म्हणतेय, दादाला आत येऊ देऊ नका."